दूध तोडलं त्या रात्री कळलेलं स्तोत्र १३१ – तुम्हाला असं काही सापडलंय का?

मोगरा_बडोदा
सगळ्यांना सलाम. बऱ्याच दिवसांनी लिहितेय.

माझा मुलगा सव्वादोन वर्षांचा. गेल्या महिन्यात त्याचं अंगावरचं दूध तोडलं. सासूबाईंनी कोरफडीचा गर लावायला सांगितला, शेजारच्या मासींनी कडुनिंब. दोन्ही केलं. पहिल्या चार रात्री त्याने घर डोक्यावर घेतलं. मीही रडत होते, तोही रडत होता. नवव्या रात्री तो उठला, माझ्या कुशीत आला, गाऊनचं बटण मुठीत धरलं आणि तसाच पडून राहिला. मागितलं नाही. ओढलं नाही. बटण धरून पाच मिनिटांत झोपला.

आणि अंधारात मला आजीचा आवाज ऐकू आला. आजी नगरची, तिने लहानपणी आमच्याकडून बायबलमधलं स्तोत्र १३१ पाठ करून घेतलं होतं. तीनच वचनं आहेत, त्यामुळे पाठांतराच्या स्पर्धेत आम्ही सगळे तेच निवडायचो. त्यात दावीद राजा म्हणतो, माझा जीव दूध तुटलेल्या बाळासारखा आईजवळ शांत आहे. इतकी वर्षं मी ते तान्ह्या बाळाचं चित्र समजत होते. पोट भरलं, झोपलं. पण तान्हं बाळ आईजवळ दुधासाठी येतं. दूध तुटलेलं बाळ येतं ते नुसतं आईसाठी. मी देवाजवळ अशी कधी गेलेय? माझ्या प्रार्थना म्हणजे मागण्यांची यादी असते, आणि यादी संपली की आमेन.

रविवारी भगिनीमंडळात हे सांगितलं. एक ज्येष्ठ बाई म्हणाल्या, “शास्त्राचा अर्थ शास्त्रातून काढायचा, पाळण्यातून नाही.” त्या मनाने चांगल्या आहेत, पण मला लागलं. कारण बाळ झाल्यापासून माझं नेमाने वाचन होत नाही. वर्षभरात सगळं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचं ठरवलं होतं, ते लेवीय या सुरुवातीच्याच पुस्तकात अडकलंय. आता एखादं वचन आठवतं ते भांडी घासताना, डबा भरताना, याला झोपवताना.

याला वाचन म्हणायचं का? आणि तुम्हाला लेकरांच्या धबडग्यात असं एखादं वचन उलगडलंय का?

दोन_लेकरांची
म्हणायचं! बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातलं ६:७ काढून बघ. घरी बसलेले असता, वाटेने चालता, निजता, उठता मुलांशी या वचनांविषयी बोलत जा, असं आहे. टेबल-खुर्ची, वही-पेन यांचा उल्लेख नाही. :)

सुरसागर
मी ख्रिस्ती नाही, दांडियाबाजारची आहे. पण ते बटण वाचून डोळ्यांत पाणी आलं. माझ्या लेकीने माझ्या मंगळसूत्राची वाटी धरली होती. तिचं दूध तोडून आता सव्वीस वर्षं झाली.

नगरकर
मोगराताई, आधी तुमच्या त्या ज्येष्ठ बाईंच्या बाजूने बोलतो, मग तुमच्या.

आमचे वडील पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू होते. ते म्हणत, वचन आधी ज्यांना दिलं त्यांचं, मग आपलं. हा धाक नसेल तर माणूस शास्त्रातून हवं ते काढतो आणि नको ते सोडतो. बाईंना तीच भीती असणार, आणि ती रास्त आहे.

पण तुमच्या बाबतीत संदर्भ तपासला तर तो तुमच्याच बाजूने बोलतो. स्तोत्र १२० ते १३४ ही पंधरा आरोहणस्तोत्रं आहेत. यरुशलेमेला सणाला चढून जाणारे यात्रेकरू ती गात. आपली वारी डोळ्यांसमोर आणा. घरंच्या घरं चालतायत, कडेवर मुलं आहेत. हे गाणाऱ्यांत दूध पाजणाऱ्या बाया असणार आणि नुकतं दूध तोडलेल्याही असणार. त्या काळी मूल दोन-तीन वर्षांचं होईपर्यंत अंगावर पीत असे, म्हणजे तुमच्या मुलाच्याच वयाचं मूल ‘दूध तुटलेलं’ ठरे. उत्पत्ती २१:८ पाहा. इसहाकाचं दूध तुटलं त्या दिवशी अब्राहामाने मोठी मेजवानी दिली. आपण बारसं करतो, उष्टावण करतो, तसा तो सण होता.

शीर्षकात नाव दाविदाचं आहे. पण मूळ हिब्रूतली शब्दांची ठेवण बघून हे एखाद्या आईच्या तोंडचं असावं, असंही काही अभ्यासकांनी सुचवलं आहे.

एवढंच सांगेन, पहिलं वचन सोडू नका. “माझे हृदय गर्विष्ठ नाही” तिथून सुरुवात आहे. शांतता नंतर येते.

मोगरा_बडोदा
काका, पहिलं वचन मी खरंच सोडलं होतं. दूध तोडताना मला वाटत होतं की मीच त्याचं सगळं आहे, माझ्याशिवाय तो झोपूच शकत नाही. तो गर्व होता की भीती, कळत नाही. आभार.

खारीशेंग
आमच्या चिरंजीवांचा शब्बाथशाळेतला (चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या वर्गातला) प्रश्न: “देवाने सातव्या दिवशी विसावा घेतला, मग त्या दिवशी डबा कोणी भरला?”

दोन_लेकरांची
@खारीशेंग, पुढच्या रविवारी पाळकांनाच विचारायला सांगा. =))

डब्यावरून आठवलं. निर्गम १६ मध्ये रानात आकाशातून पडलेलं अन्न बघून इस्राएल लोक विचारतात, “हे काय?” त्यावरूनच ‘मान्ना’ हे नाव पडलं. चाळीस वर्षं पुरलेल्या अन्नाचं नाव ‘हे काय’! आमच्याकडे रोज रात्री ताट वाढलं की धाकटी हेच विचारते, तोंडही तसंच करते. दुधीची भाजी असली की दोनदा विचारते. मी आता “मान्ना” म्हणून वाढते. खाते बिचारी.

शिवाय मान्ना साठवला तर दुसऱ्या दिवशी किडे पडत. रोजचं रोज वेचायचं. सकाळी साडेपाचला कणीक मळताना हे मला रोज आठवतं. काल केलेलं आज चालत नाही, पोळी असो नाहीतर धीर.

कडूलिंब
मी जरा वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

बायकांच्या दमण्याला पवित्र नाव दिलं की ते दमणं कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. माझ्या पहिल्या बाळंतपणानंतर मी चार महिने धड झोपले नव्हते. रडू यायचं, बाळाला जवळ घ्यावंसं वाटायचं नाही. घरात सगळे म्हणत, मातृत्व हा आशीर्वाद आहे, येशूच्या आईकडे, मरीयेकडे बघ. मी मरीयेकडे बघायचे आणि आणखी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मला वचन नको होतं. कोणीतरी बाळ धरून मला दोन तास झोपू द्यायला हवं होतं. शेवटी डॉक्टरांकडे गेले, औषधं घेतली, बरी झाले.

नंतर १ राजे १९ वाचलं. एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागतोय. देवदूत येतो तो उपदेश करत नाही, विश्वास कमी पडला असं म्हणत नाही. भाजलेली भाकर आणि पाण्याचा कुंजा ठेवतो. एलीया खातो, पुन्हा झोपतो. देवदूत त्याला झोपू देतो. मग दुसऱ्यांदा येऊन म्हणतो, ऊठ, खा, पल्ला लांबचा आहे.

मला आईपणातून कळलेलं शास्त्र एवढंच आहे. बाळंतिणीच्या घरी गेलात तर वचन सांगू नका, डबा घेऊन जा.

मोगरा_बडोदा
@कडूलिंब, राग कशाला येईल? मीही दूध तोडायच्या आधीचे दोन महिने फार वाईट काढलेत. इथे लिहिलं नाही, कारण धागा ‘छान’ व्हावा असं वाटत होतं. तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

सुरसागर
कडूलिंबताई +१. सुंठ-डिंकाचे लाडू आणि दोन तासांची झोप.

समा_सावली
बडोद्याचा धागा आहे म्हणून पुराचं लिहिते. लांब होणार आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा आम्ही समा भागात पहिल्या मजल्यावर होतो. तळमजल्यावरचं कुटुंब आमच्याकडे वर आलं. आजी, नवरा-बायको, दोन मुलं. आमची चार माणसं, म्हणजे नऊ झाली. वीज नाही, नळाला पाणी नाही. रस्त्यावर छातीएवढं पाणी, वर मगरी आल्याच्या बातम्या, त्यामुळे खाली उतरायची सोय नाही.

पहिल्या संध्याकाळी मी पिठाचा डबा उघडला आणि वाटीने मोजलं. सतरा वाट्या. नवऱ्याने विचारलं, काय करतेस? मी म्हटलं, काही नाही. मी हिशोब करत होते की फक्त आपल्या चौघांना केलं तर किती दिवस पुरेल. खालची मुलं शेजारच्या खोलीत माझ्या मुलांबरोबर पत्ते खेळत होती, आणि मी वाटी हातात धरून हा हिशोब करत होते. हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं.

सारफथच्या विधवेची गोष्ट (१ राजे १७) मला तोंडपाठ आहे. मडक्यात मूठभर पीठ, कुपीत थोडं तेल. ती दोन काटक्या गोळा करत असते. मुलाला आणि स्वतःला शेवटचं करून खायचं आणि मग मरायचं, असं ती सांगते. आणि एलीया म्हणतो, आधी मला एक लहानशी भाकर करून आण. लहानपणी गोष्ट ऐकताना आम्ही सगळी मुलं चमत्काराकडे डोळे लावून बसायचो. त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा ‘आधी’ हा शब्द ऐकू आला. आपलं पोर समोर भुकेलं असताना परक्याला आधी! आई असल्याशिवाय या शब्दाची धार कळत नाही. मला तर त्या संदेष्ट्याचा रागच आला.

नऊ जणांच्या पोळ्या केल्या. लहान केल्या, पण नऊ जणांच्या.

माझं पीठ संपलं. बायबलमधलं संपलं नाही, माझं तिसऱ्या दिवशी दुपारी संपलं. संध्याकाळी ट्रॅक्टरवरून खाण्याची पाकिटं वाटत आले, दोरी सोडून वर घेतली. त्यात ठेपले होते. खालच्या आजींनी पहिला ठेपला मोडून माझ्या धाकट्याच्या हातात दिला. स्वतःच्या नातवाच्या आधी.

याला मी चमत्कार म्हणत नाही. पण त्या गोष्टीत ‘आधी’ आहे ना, तो मला तिथे दिसला.

खारीशेंग
_/\_

नगरकर
समाताई, तीस वर्षं मी ही गोष्ट शिकवली. ‘आधी’वर कधी थांबलो नाही.

सुरसागर
पुरावरून २०१९ आठवला. विश्वामित्री स्टेशनाजवळच्या वस्तीतून एका फौजदाराने दीड महिन्याचं बाळ प्लास्टिकच्या टबात ठेवून, टब डोक्यावर घेऊन गळ्याएवढ्या पाण्यातून बाहेर काढलं होतं. फोटो सगळीकडे फिरला. आम्ही सगळे म्हणालो, वसुदेवच! आणि आमच्या मजल्यावरच्या ख्रिस्ती वहिनी म्हणाल्या, बाळ मोशेला आईने नदीत ठेवलेली पेटी. दोघींनी दोन्ही गोष्टी एकमेकींना सांगितल्या, चहा गार झाला.

त्यांच्याकडून कळलं की मोशेच्या आईला फारोच्या मुलीने नकळत त्याच बाळाची दूधआई म्हणून पगारावर ठेवलं. खरंच तसं लिहिलंय का?

नगरकर
होय, निर्गम २:९. आणि पुढच्याच वचनात मूल मोठं झाल्यावर ती त्याला राजकन्येकडे नेऊन देते. त्या आईच्या, योखबेदेच्या वाट्याला दूध तुटेपर्यंतचीच वर्षं आली असावीत. तेवढ्यात तिने काय शिकवलं असेल ते शिकवलं.

गरबा_आणि_गोंधळ
मुलगा बारा वर्षांचा झालेल्या आयांनी लूक २:४१ पासून वाचावं. बारा वर्षांचा येशू यरुशलेमेत मागे राहतो, आईबापांना वाटतं कुठल्यातरी नातेवाइकाबरोबर असेल, एक दिवसाची वाट चालून गेल्यावर ध्यानात येतं, आणि तीन दिवसांनी तो मंदिरात सापडतो.

गेल्या नवरात्रात माझा मुलगा गरब्याच्या मैदानात चाळीस मिनिटं सापडत नव्हता. ढोल चालू, माणसांचा समुद्र, फोन बंद. सापडला तेव्हा मित्रांबरोबर आरामात बर्फाचा गोळा खात होता, आणि म्हणतो, “मी इथेच होतो ना!” मरीयेला मिळालेलं उत्तर काय वेगळं आहे? “तुम्ही माझा शोध का करत होता?” मी मैदानात रडले, ओरडले, मग त्याच्याच हातातला गोळा खाल्ला.

पण मला धरून ठेवलं ते पुढच्या ओळींनी. तो काय बोलला ते त्यांना समजलं नाही, असं स्पष्ट लिहिलंय. तरी त्याच्या आईने या सर्व गोष्टी आपल्या अंतःकरणात ठेवल्या. समजल्या म्हणून नव्हे. आता तो तेरा वर्षांचा आहे, खोलीचं दार लावून घेतो, काय चाललंय समजत नाही. ठेवून घेते.

शिफ्टवाला
बाप लोकांना परवानगी आहे का इथे? रिफायनरीत शिफ्ट असते, रात्री मुलीला मीच सांभाळतो. होशेय ११:३ मध्ये देव म्हणतो, एफ्राईमाला (म्हणजे इस्राएल लोकांना) मी चालायला शिकवलं, मी त्यांना हातांवर घेतलं. मुलीला चालवताना कंबर मोडते हो. देवाने स्वतःसाठी हे वाकलेलं चित्र निवडलं, याचं मला फार वाटतं.

दोन_लेकरांची
परवानगी कसली, या धाग्याचे मानकरी तुम्ही.

रिकामा_पाळणा
बराच वेळ वाचत होते. लिहू की नको असं चाललं होतं.

मला मूल नाही. अकरा वर्षं प्रयत्न केले, मग थांबलो. मे महिन्यात आमच्याकडे मातृदिनाच्या उपासनेत सगळ्या आयांना उभं करून गुलाब देतात. मी बाकावर बसून राहते. एकदा एका लहान मुलीने येऊन तिच्या आईचा गुलाब मला दिला. आईने तिला ओढून नेलं, मला वाईट वाटेल म्हणून. त्या ओढून नेण्याचंच वाईट वाटलं.

मोगरा, तुझं स्तोत्र मला आवडलं. पण धागा वाचताना सतत वाटत होतं, शास्त्राची ही खोली मला कायम बंद आहे का? ‘आई असल्याशिवाय कळत नाही’ असं समाताईंनी लिहिलंय. मग मला कळणारच नाही?

लूक ११:२७ मध्ये गर्दीतली एक बाई येशूला ओरडून सांगते, ज्या उदराने तुला वाहिलं आणि जे स्तन तू चोखलेस ते धन्य. येशू म्हणतो, त्यापेक्षा जे देवाचं वचन ऐकतात आणि पाळतात ते धन्य. मी ते वचन उशाशी ठेवून झोपलेय, कितीतरी रात्री.

समा_सावली
ताई, मी ते वाक्य परत घेते. माझ्या पोराच्या हातात ठेपला देणाऱ्या आजी माझ्या पोराच्या कोण होत्या? मीच लिहिलं आणि मलाच दिसलं नाही. माफ करा.

नगरकर
@रिकामा_पाळणा, तुमच्या लिहिण्यापुढे भाषेची माहिती किरकोळ आहे, तरी सांगतो. हिब्रूत गर्भाशयाला ‘रेहेम’ आणि करुणेला ‘रहामीम’ म्हणतात. मूळ एकच. यशया ४९:१५ मध्ये देव विचारतो, स्त्रीला आपल्या पोटच्या बाळाची करुणा येणार नाही का, तिथे याच मुळातलं क्रियापद आहे. आणि लगेच म्हणतो, एखादीला विसर पडेल, पण मी तुला विसरणार नाही. शास्त्रात ही ‘रहामीम’ सर्वांत जास्त देवाच्या नावावर आहे, आणि त्याने कोणाला जन्म देऊन ती मिळवलेली नाही. ती खोली कोणाला बंद नाही.

केडगावची_पणती
भाषेवरून एक. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणलं, तेही साध्या बायाबापड्यांना कळेल अशा भाषेत. त्यांच्या केडगावच्या मुक्तिसदन या आश्रमाच्या छापखान्यात तिथल्याच मुली काम करत. १९२१ साली त्यांची एकुलती एक लेक मनोरमा गेली, १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या, आणि संपूर्ण बायबल १९२४ साली निघालं. लेक गेल्यावर ‘राहेल आपल्या मुलांसाठी रडते’ ही ओळ त्यांनी कशी वाचली असेल, हे माझ्या मनातून जात नाही. माझी पणजी तिथे वाढली. तिला आई नव्हती. त्या मुलींच्या रमाबाई आईच होत्या, एकीलाही जन्म न देता.

गरबा_आणि_गोंधळ
हन्ना आठवली. १ शमुवेल २:१९. शमुवेलाला मंदिरात एली याजकाकडे ठेवल्यावर त्याची आई दर वर्षी एक लहान झगा शिवून न्यायची. वर्षातून एकदाच भेट. मग माप कसं घेत असेल? मूल वर्षभरात किती वाढलं हे न बघता अंदाजाने बेतायचं. माझी बहीण मुलगा होस्टेलला गेल्यापासून शर्ट घेताना दुकानात ज्याच्या-त्याच्या खांद्याला लावून बघते.

रिकामा_पाळणा
अगं, झगे मी शिवते! नाताळच्या कार्यक्रमाचे. मंडळीतल्या शब्बाथशाळेच्या मुलांचे, देवदूत, मेंढपाळ, मागी लोक (बाळ येशूला भेटायला आलेले पूर्वेकडचे ज्ञानी) सगळे. गेल्या वर्षी बावीस शिवले. मुलं वर्षात किती वाढतात ते मला त्यांच्या आयांच्या आधी कळतं, कारण गेल्या वर्षीचं माप माझ्या वहीत असतं. ‘कंबर तीच, उंची अडीच इंच जास्त’ असं. शिवण थोडी आत दाबून ठेवते, पुढच्या वर्षी सोडता येते. हन्नाही तसंच करत असणार.

हे इतकी वर्षं करतेय, आणि हन्नाशी कधी जोडलं नव्हतं. आज जोडलं गेलं.

कडूलिंब
ताई, तुमची वही जपून ठेवा.

मोगरा_बडोदा
आठवडाभराने येतेय, याला ताप होता. आता उतरलाय. सगळे प्रतिसाद मोबाइलवर एका हाताने वाचले, दुसऱ्या हातात हा होता.

रविवारी त्या ज्येष्ठ बाई भेटल्या. नगरकर काकांनी सांगितलेलं आरोहणस्तोत्रांचं, इसहाकाच्या मेजवानीचं त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “माझ्या थोरल्याचं दूध तोडलं तेव्हा मला लगेच दुसरे दिवस होते. त्याला जवळ घ्यायला माझ्या मांडीवर जागाच नव्हती. तो पलंगाच्या पायाला धरून झोपायचा.” पुढे काही बोलल्या नाहीत. याला माझ्याकडून घेतलं आणि उपासना संपेपर्यंत मांडीवर ठेवलं. याने त्यांच्या चष्म्याची दोरी धरली होती.

वाचन अजून लेवीयातच आहे. पण रात्री यादी संपल्यावर मी आता लगेच आमेन म्हणत नाही. थोडा वेळ तशीच पडून राहते.

@रिकामा_पाळणा ताई, तुम्ही बडोद्याच्याच का? याला या वर्षी मेंढरू करायचं म्हणतायत.

रिकामा_पाळणा
बडोद्याचीच गं, फतेगंजची. मेंढरासाठी कापूस लावलेलं जाकीट आहे माझ्याकडे, पण सव्वादोन वर्षांच्या मुलाला मोठं होईल. रविवारी उपासनेनंतर घेऊन ये त्याला. जेवणाआधी आण, पोट भरल्यावर माप चुकतं.